गुलामांच्या गाण्याचं काय करायचं?

मागच्या अंकात आपल्या एका दोस्तानं गुलामांच्या गाण्यांना पानभर शिव्या घातल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ब्लॅक पँथर आपले, माल्कम एक्स आपला, पण काळ्यांची भजनं आपली नव्हेत. ती देवाकडं तोंड करून रडलेली गाणी. ज्या जॅझवाल्यांनी ती पुढं परत वाजवली ते थकलेले, नरमलेले, गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसलेले. उदाहरणादाखल त्यानं आर्ची शेप आणि होरेस पार्लन यांच्या 'गोइंग होम' या १९७७ च्या रेकॉर्डचं नाव घेतलं. एवढ्यावर थांबला असता तर मीही गप्प बसलो असतो. पण शेवटच्या परिच्छेदात तो आपल्या वस्तीत आला. आपल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या, जुनी भजनं हाही असाच गुलामीचा कचरा, तो जाळून टाका, असं त्यानं लिहिलं. टाळ्या पडल्या म्हणे.

मी उत्तर देतोय त्याला दोन कारणं आहेत. एक, ती रेकॉर्ड मी ऐकलीय आणि दोस्तानं ऐकलेली दिसत नाही. दुसरं कारण माझ्याच थोबाडीत मारणारं आहे. ते नंतर सांगतो.

आधी माणसं कोण ते बघू. आर्ची शेप १९३७ चा. जन्म फ्लोरिडातला, वाढला फिलाडेल्फियात. सॅक्सोफोन वाजवणारा, नाटकं लिहिणारा, कविता लिहिणारा. जॉन कोल्ट्रेनच्या १९६५ च्या 'असेन्शन'मध्ये होता. त्याच वर्षी त्याची 'फायर म्युझिक' आली. तिच्यात माल्कम एक्सवरची स्वतःची कविता त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटली. माल्कमला २१ फेब्रुवारीला गोळ्या घातल्या आणि ही कविता रेकॉर्ड झाली ९ मार्चला. तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. १९७१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात कैद्यांनी आम्हाला माणसासारखं वागवा म्हणून बंड केलं. सरकारनं गोळीबार करून तुरुंग परत घेतला. त्या सगळ्यात ४३ माणसं मेली. पुढच्याच वर्षी शेपची 'ॲटिका ब्लूज' बाहेर. १९७१ पासून तीसेक वर्षं त्यानं मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात काळ्यांचं संगीत शिकवलं. 'जॅझ' हा शब्दच तो मानत आला नाही. आमच्या संगीताला दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव आम्ही का घ्यायचं, हा त्याचा सवाल. आपल्याला हा सवाल समजावून सांगायची गरज नाही. आपली नावं कोणी ठेवली हे आपल्याला पाठ आहे.

होरेस पार्लन १९३१ चा, पिट्सबर्गचा. लहानपणी पोलिओ झाला आणि उजव्या हाताची बोटं नीट चालेनात. अशा हातानं हा गडी पियानो वाजवायला बसला. उजव्या हातात जेवढं बळ होतं तेवढ्याचंच वाजवणं बनवलं, बाकीचं काम डाव्यावर टाकलं. १९५९ साली चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह अम'मध्ये पियानो त्याचा आहे. सत्तरीच्या सुरुवातीला तो अमेरिका सोडून डेन्मार्कला गेला, तिथंच राहिला. २०१७ मध्ये वारला.

ही दोघं १९७७ च्या एप्रिलात कोपनहेगनला एका खोलीत बसली. ढोल नाही, बास नाही, गाणारं कोणी नाही. एक सॅक्सोफोन, एक पियानो. आणि वाजवलं काय? 'गो डाउन मोझेस', 'स्टील अवे', 'डीप रिव्हर', 'नोबडी नोज द ट्रबल आय हॅव सीन', 'समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड'. कापसाच्या शेतात चाबूक खाणाऱ्यांनी रचलेली गाणी. त्यांना स्पिरिच्युअल म्हणतात.

आता दोस्ताचा आरोप : ज्या शेपनं माल्कमवर कविता म्हटली तो बारा वर्षांत भजनाला लागला.

मित्रा, तू कधी ऐकलंस का रे? मी सूतगिरणीतून रात्रपाळी करून येतो तेव्हा कानात रिंगफ्रेमचा आवाज दोन तास राहतो. तो उतरला की मी मोबाईलवर ही रेकॉर्ड लावतो. भजन असं असतं? शेप चाल मोडत नाही हे खरं. आधीच्या रेकॉर्डवर तो सुरांचे तुकडे तुकडे करायचा, इथं सरळ चालीच्या वाटेनं जातो. पण त्या सरळ चालीत त्याचा श्वास ऐकू येतो. फुंकर ऐकू येते. सूर घोगरा होतो, फाटतो, मध्येच खाली घसरतो, जसं आपल्या घरात कुणी मेल्यावर बाई बोलता बोलता मध्येच थांबते. पार्लन खालून जड पावलं टाकल्यासारखा डावा हात टाकतो. आणि या सगळ्यात शब्द एकही नाही. देवाचं नाव ज्या शब्दांत होतं ते शब्दच त्यांनी बाहेर ठेवले. राहिली ती चाल, आणि ती चाल ज्यांच्या छातीतून आली ती माणसं. याला भजन म्हणायचं असेल तर त्यातला देव दाखव मला.

ही लाज नवी नाही, हेही सांगून ठेवतो. गुलामी गेल्यावर १८६६ मध्ये नॅशव्हिल गावात काळ्यांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा १८७१ साली तिथल्या नऊ पोरापोरींचा एक ताफा पैसे जमवायला गावोगाव निघाला. त्यातली बहुतेक गुलाम म्हणूनच जन्मलेली. सुरुवातीला ती लोकांपुढं गोऱ्यांची गाणी म्हणायची. आईबापांची गाणी त्यांना चारचौघांत म्हणवत नव्हती. ती गाणी म्हणजे गुलामीची आठवण, बंद दाराआड म्हणायची गोष्ट. शिकलेल्या पोरांना आपल्या अडाणी आईची लाज वाटते तशीच ही लाज. पुढं त्यांनी तीच गाणी मंचावर आणली आणि त्या पैशांवर शाळा उभी राहिली. म्हणजे ज्या गाण्यांची लाज वाटत होती त्या गाण्यांनी पोरांना शिक्षण दिलं. शिका म्हणणाऱ्या बापाची आपण लेकरं, आपल्याला हा हिशेब कळायला हवा.

दुसरी गोष्ट. ही गाणी रडकी आहेत की समाधानाची आहेत याचा घोळ मालकांनीच घातला होता. गुलाम गातात म्हणजे सुखात आहेत, असं मालक म्हणायचे. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. त्यानं १८४५ च्या आपल्या आत्मकथेत या थापेचे वाभाडे काढले. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखात असतो तेव्हा, हे त्यानं लिहून ठेवलं. दोस्ता, मालक म्हणाले, गाणं म्हणजे समाधान. तू म्हणतोस, गाणं म्हणजे लाचारी. दोघांनीही गाणाऱ्या माणसाला विचारलं नाही.

या गाण्यांत पळून जायच्या खुणा होत्या असंही सांगतात. 'स्टील अवे'चा अर्थच गुपचूप निसटणं. मालकाला वाटायचं हे स्वर्गात निसटायचं म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

पण मी या गाण्यांना सोवळं नेसवत नाही. याच रेकॉर्डवर 'अमेझिंग ग्रेस' आहे. तिचे शब्द लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलामांची जहाजं चालवणारा कप्तान होता. धंदा सोडला, पाद्री झाला आणि १७७२ च्या सुमाराला हे गीत लिहिलं. गुलामीच्या व्यापाराविरुद्ध उघड पुस्तिका लिहायला त्याला १७८८ उजाडलं. म्हणजे माणसं विकणाऱ्यानं लिहिलेलं गाणं विकलेल्या माणसांच्या नातवंडांनी आपलं केलं. आणि 'गोइंग होम'? ती चाल काळ्यांची जुनी चाल म्हणून खपते, पण आहे ती द्वोर्झाक नावाच्या चेक संगीतकाराची, १८९३ च्या त्याच्या सिंफनीतली. न्यूयॉर्कला असताना त्याला हॅरी बर्ली नावाचा काळा विद्यार्थी स्पिरिच्युअल गाऊन दाखवायचा. त्या सिंफनीतल्या चालीला शब्द लावले द्वोर्झाकच्याच एका गोऱ्या शिष्यानं, १९२२ मध्ये. शेप महाविद्यालयात हेच शिकवणारा माणूस. त्याला हे ठाऊक नसेल? तरी त्यानं रेकॉर्डला नाव तेच दिलं. घरी जाणं. ज्यांचं घर जहाजात घालून विकलं त्यांनी कुठल्या घरी जायचं? ती चाल कुणी लिहिली याच्यापेक्षा तिच्यात कोण किती वर्षं राहिलं याला त्यानं किंमत दिली. भाडेकरूनं घर आपलं केलं.

आता माझं दुसरं कारण.

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत कार्यक्रम होता. माईकची जबाबदारी माझ्याकडं. वस्तीतली एक म्हातारी, सगळे तिला आजीच म्हणतात, पुढं आली. म्हणाली, मला म्हणायचंय. आम्ही बसवली. तिनं सुरू केली ती जात्यावरची ओवी. पहिल्याच ओवीत पंढरी आली, विठ्ठल आला. पोरं चुळबुळायला लागली. मागून एक ओरडला, "हे बंद करा, हे काय किर्तन हाय का?" मी माईक बंद केला. कुणाला विचारलं नाही. माझ्याच हातानं केला. पुढं डीजे लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेलो. म्हणालो, "आजी, राग आला का?" ती म्हणाली, "राग कशाचा रं? पर माझं व्हायचं व्हतं अजून." मी विचारलं, "काय व्हायचं होतं?" ती म्हणाली, "पयली ओवी माझ्या आईची. दुसरीपासून मी बदलल्याली. त्यात बाबा येतो. कशावरून बदाललं ते कळाया नको का लोकांस्नी?"

मी मान खाली घालून बसलो. मी कवी. मी कार्यकर्ता. आणि आईची ओवी आधी ठेवून मग तिच्यातला देव काढून तिथं बाबासाहेबांना बसवणारी ती म्हातारी अडाणी. मी तिचं अर्धं गाणं कापलं, आणि कापलं तेही नेमकं असं की लोकांच्या कानात फक्त विठ्ठल राहिला. तिचं बंड मी माईकच्या एका बटणानं पुसलं. दोस्ता, तुझ्या लेखातली काडी मी तुझ्या आधीच ओढली होती. म्हणून म्हणतो, ती काडी खिशात ठेव.

तू म्हणशील, काळ्यांची गोष्ट वेगळी, आपली वेगळी. बरोबर आहे, इथं मी तुझ्या बाजूला. गुलामांना बायबलात मोझेस सापडला. राजाच्या तोंडावर जाऊन माझी माणसं सोड म्हणणारा सापडला. त्यांना मालकाच्याच पोथीतून मुक्तीची गोष्ट चोरून घेता आली. आपल्याला पोथीत काय सापडलं? शंबुकाचं मुंडकं. विठ्ठलानं कुणाला बाहेर काढलं नाही. चोखोबाला त्यानं दारात ठेवलं, मेल्यावरही पायरीशीच ठेवलं. समाधी अजून तिथंच आहे, जा आणि बघ. म्हणून आपल्याला घरच सोडावं लागलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी ते सोडलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातल्या एकीलाही मी बोट लावू देणार नाही. कुणी मला म्हणेल की संस्कृतीच्या नावानं पुन्हा टाळ घे, तर तो टाळ मी त्याच्या अंगावर फेकीन.

पण बाबासाहेबांनी काय केलं तेही बघ. १९३६ च्या 'जातिव्यवस्थेचं निर्मूलन'च्या वादात त्यांनी संतांना सोडलं नाही. संतांनी जातीवर हल्ला चढवला नाही, हे गांधींना तोंडावर सुनावलं. त्याच माणसानं १९४८ मध्ये अस्पृश्य कोण होते यावरचा ग्रंथ काढला तेव्हा तो कुणाच्या स्मृतीला अर्पण केला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या. म्हणजे चोखोबाचा देव नाकारला, चोखोबा नाकारला नाही. पूर्वज कोण आणि मालक कोण हे त्यांनी वेगळं केलं. शेपनं कोपनहेगनमध्ये एवढंच केलं. आजीनं जात्यावर एवढंच केलं. आपण मात्र दोघांनाही एकाच पेटीत घालून काडी लावायला निघालोय.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या ड्यू बॉइसला पत्र लिहिलं होतं, हे आपण अंकाअंकात छापतो. त्या ड्यू बॉइसनं १९०३ च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर या दुःखाच्या गाण्यांच्या स्वरांच्या ओळी छापल्या, शब्दांवाचून. शिकलेल्यांनो, आधी हे ऐका आणि मग माझं वाचा, असं जणू त्याचं म्हणणं. आपण पत्र घेतलं, गाणं ठेवलं. हे अर्धवट घेणं झालं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ओकलंडच्या पँथरांचं नाव घेतलं. नावामागं पंजा होता, पंज्यामागं छाती होती आणि छातीत ही गाणी होती.

आपल्याकडंही हे काम झालेलंच आहे, फक्त आपण मोजलं नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा बाज घेतला, ढोलकी घेतली आणि आतला मजकूर बदलून टाकला. वामनदादा कर्डक २००४ पर्यंत गावोगाव हिंडत राहिले, लोकांच्या ओठांवरच्या चाली घेऊन. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांच्या ओव्या आहेत. त्या बायांनी आपल्या लेखाची वाट बघितली नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. कारण माझं हे लिहिणं वाचून काही पांढरपेशे खूश होतील. म्हणतील, बघा, दलितांनाही लोकसंस्कृतीची ओढ लागली. या लोकांनी ओढ-बिढ शब्द आपल्याकडंच ठेवावेत. तुमच्या महोत्सवात पोतराज आसूड ओढत मंचावर येतो, तुम्ही फोटो काढता. निवेदक त्याच्या कमरेच्या चिंध्यांचा रंग सांगतो, त्याची जात सांगत नाही, त्याच्या पोराची शाळा का सुटली ते सांगत नाही. ते गाणं राहू द्या आणि गाणारा जिथं आहे तिथंच राहू द्या, असा तुमचा सौदा आहे. आम्हाला तो नको. आजीची ओवी आम्ही ऐकू ती अशासाठी की तिच्या नातीला जात्यावर बसायला लागू नये. शेप-पार्लनची गाणी कापसाच्या शेताची जाहिरात नाहीत. तशी आमची ओवी तुमच्या फेट्याचा तुरा नाही.

आणि दोस्ताचा शेवटचा टोमणा, की ही रेकॉर्ड गोऱ्यांच्या कंपनीनं काढली. होय, डॅनिश कंपनीनं काढली. दुकान त्यांचं नव्हतं. १९८० मध्ये या दोघांनी तिथंच 'ट्रबल इन माइंड' काढली, ब्लूजची. पण शेप तिथं थांबला नाही. पुढं त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीतून जेसन मोरन या आपल्यापेक्षा ३८ वर्षांनी लहान पियानोवाल्याला घेऊन रेकॉर्ड आणली. तीत 'गो डाउन मोझेस' परत, 'मदरलेस चाइल्ड' परत. ८३ वर्षांचा म्हातारा, पार्लन गेलेला, गाणी तीच, दुकान स्वतःचं. हा नरमलेला माणूस? मग आपल्यातल्या ताठ माणसांची यादी दे, ज्यांनी पन्नासाव्या वर्षानंतर स्वतःचं दुकान ठेवलं, दुसऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसले नाहीत. मी वाट बघतो.

माझं मागणं साधं आहे. येत्या जयंतीला माईक त्या आजीच्या हातात द्यायचा आणि तिचं संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आईची ओवी आधी, तिची नंतर, दोन्ही. ज्याला ऐकवत नसेल त्यानं बाहेर उभं राहून बिडी ओढावी. प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी अशी एकेक म्हातारी गाठावी. ओवी लिहून घ्यावी, कुणाकडून शिकली ते लिहावं, कुठं बदलली ते लिहावं, का बदलली ते तिलाच विचारावं. या अंकाची चार पानं दर वेळी त्यासाठी राखा. माझ्या कवितेचं पान त्यातलं पहिलं काढून घ्या.

आणि घाई करा. पार्लन गेला तरी त्याचा डावा हात रेकॉर्डवर आहे. आमच्या आजीचं अजून काहीच कशावर नाही.

जयभीम.